मिठाचा डबा डावीकडे

अकराशे तास विमान चालवलेली बाई रोज सकाळी विमानतळाच्या काउंटरवर उभी राहून लोकांच्या बॅगा वजनकाट्यावर चढवते, यावर कुणाचा विश्वास बसेल? पण सूनबाईचं तसंच होतं. लायसन्स होतं, पण माहेरच्या देशातलं. लग्न होऊन इथे आली, तेव्हा इथल्या खात्यातल्या साहेबांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "छान आहे. पण इथे पगार घेऊन विमान उडवायचं तर आमच्या परीक्षा द्याव्या लागतील." म्हणजे पुन्हा अभ्यास, पुन्हा डॉक्टरी तपासणी, तेरा लेखी पेपर, आणि शेवटी परीक्षकाला शेजारी बसवून उड्डाण. पेपर तिने बॅगा मोजता मोजता पार पाडले. घोडं अडलं ते उड्डाणात.

झालं काय, परीक्षक हवेत मधेच इंजिनाचा जोर काढून घेतो आणि म्हणतो, "समजा, इंजिन बंद पडलं. आता?" मग कळ फिरवून इंधनाची टाकी बदलून बघायची असते. माहेरच्या विमानात ती कळ खाली, दोन खुर्च्यांच्या मधे. इथल्या विमानात डाव्या गुडघ्याजवळ, भिंतीला. हे तिला पाठ होतं हो! हाताला कुठे पाठ होतं? अकराशे तासांची सवय ती. उजवा हात सरळ खाली गेला आणि गालिचा चाचपत बसला. ती गडबडली, पुढचं सगळं विसरली, उतरायला शेत शोधेपर्यंत फार खाली आली. नापास!

पुन्हा परीक्षा अठरा दिवसांनी, तीही एकदाच, कारण महिनाअखेर लेखी पेपरांची मुदत संपत होती. आता नापास म्हणजे तेराच्या तेरा पेपर पहिल्यापासून. सूनबाईने तर हायच खाल्ली. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून म्हणाली, "आई, बस झालं. मी आपली बॅगाच मोजते."

सासूबाईंनी तीस वर्षं शिवणाच्या कारखान्यात नव्या मुलींना मशीनवर बसवलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "ती मेली कळ नक्की कुठे असते?"

सूनबाईने गुडघ्याजवळ हात नेऊन दाखवलं. दुसऱ्या दिवशी शेगडीच्या उजवीकडच्या खणातून मिठाचा डबा गायब! डावीकडच्या कपाटाला गुडघ्याच्या उंचीवर खिळा ठोकून सासूबाईंनी तो टांगला होता.

"हे तुझं इंधन," त्या म्हणाल्या. "हाताला समजावून सांगता येत नाही गं. त्याच्याकडून करून घ्यावं लागतं."

मग काय विचारता! सूनबाई कणीक मळतेय, फोनवर बोलतेय, केस विंचरतेय, की मागून आरोळी, "इंजिन बंद!" हातातलं टाकून तिने शेगडीपुढे धावायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "वेग धरला! शेत बघितलं! टाकी बदलली! पंप चालू! मदत मागितली!" टाकी बदलली म्हणताना डावा हात डब्यावर पडलाच पाहिजे. चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. या धांदलीत भाजीत मीठ किती वेळा पडलं याचा हिशेब राहायचा नाही, आणि जेवणाचे हाल झाले ते झालेच. सूनबाईचा नवरा बसचा ड्रायव्हर, बिचारा दमूनभागून जेवायला बसायचा. एकदा पहिला घास घेऊन म्हणाला, "आई, आज भाजीत इंजिन दोनदा बंद पडलेलं दिसतंय."

"गप जेव," सासूबाई म्हणाल्या. "तुझी बस जाते का कधी आभाळात?"

परीक्षेचा दिवस उजाडला तो लख्ख. परीक्षक तोच, मागच्या वेळचा. गोल पोटाचा, अबोल, गालात पेपरमिंट धरलेला. विमानाने जमीन सोडली आणि सूनबाईने खिडकीतून खाली बघितलं. किती दिवसांनी खालची घरं अशी चिमुकली होत होती! वळणं झाली, चढणं झालं, सगळं फक्कड. मग परीक्षकाने पेपरमिंट या गालातून त्या गालात नेलं आणि इंजिनाच्या जोराचा दांडा मागे ओढला.

"इंजिन बंद."

घरघर विरली. नुसता वारा. सूनबाईने वेग धरला. डावीकडे कापणी झालेलं लांबरुंद शेत दिसलं, तिकडे विमानाचं नाक वळवलं. आणि इंधन? तिने खाली बघितलं, तर डावा हात आधीच कळीवर जाऊन बसला होता!

"टाकी बदलली, आई!" ती ओरडली.

"कोण आई?" परीक्षक दचकला.

तिला उत्तर द्यायला फुरसत कुठे होती? पंप चालू, मदत मागितली, शेत जवळ, आणखी जवळ, आता गवताचे भारेसुद्धा मोजता येतील इतकं जवळ. "बस, बस! जोर दे, वर चल," परीक्षक म्हणाला. तिने दांडा पुढे लोटला, इंजिन गर्जलं, विमान झपाट्याने वर निघालं, आणि ही बाई एकटीच खदाखदा हसत सुटली.

उतरल्यावर परीक्षकाने विमानाच्या पंखावरच कागद ठेवून सही केली. "पास. आईंना सांगा," एवढंच बोलला.

तिने घरी फोन लावला खरा, पण शब्द फुटेना.

"अगं, बोलत का नाहीस?" पलीकडे सासूबाईंचा जीव टांगणीला. "बोल ना! सूनबाई!" आणि काही सुचेना तेव्हा त्या किंचाळल्या, "इंजिन बंद!"

"वेग धरला," सूनबाईच्या तोंडून आपोआप निघालं. "शेत बघितलं. टाकी बदलली. पंप चालू. मदत मागितली."

"बरोबर. आणि मग?"

"मग उतरले, आई. पास होऊन उतरले."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

त्या दिवशी भाजी सासूबाईंनी केली. मीठ दोनदा पडलं होतं. मुलाने दोनदा वाढून घेतली आणि चकार शब्द काढला नाही.