कमरेत घ्या, दंडात सोडा

धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. खारबावची एक बाई अधूनमधून तिचेच जुने ब्लाउज घेऊन येते. बसत कधीच नाही. उभ्यानेच सांगते, “ताई, कमरेत आत घ्या, दंडात सोडा.”

मी दर वेळी गोंधळायचे. बारीक होणाऱ्या बाईचे दंडही उतरतात. हिचे मात्र भरत होते. एकदा विचारलंच.

“डाक्टर बोलला चरबी उतरवा. पन ताकद गेलेली मला न्हाय चालनार. मंग भात कमी केला, मासली-अंडी वाढवली. आन रोज वजन उचलते.”

“कसलं वजन?”

ती नुसती हसली. हिला व्यायामाचा नाद लागलाय की ही काही लपवतेय, मला कळेना.

परवा दुपारी दारात रिक्षा थांबली. तिने आतून नवऱ्याला दोन्ही हातांवर उचलून आणलं आणि माझ्या स्टुलावर बसवलं. त्याचे पाय लुळे लोंबत होते. तिला धापही लागली नव्हती.

“यांना एक सदरा शिवा. सैल शिवा, भरतील परत.”

मी माप घेतलं. टेपखाली त्याच्या बरगड्या लागत होत्या. ती रिक्षावाल्याला थांबायला सांगायला वळली, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, “अंगाबरोबरच शिवा.”

मी सदरा अंगाबरोबर शिवला आणि शिलाईत आत बरंच कापड राखून ठेवलं. दोघांपैकी कोणाचं ऐकलं, ते मला अजून सांगता येत नाही.