हिरानं जर्मनीहून आणलेली पाटी

साठेसाहेब डोंबिवली स्टेशनच्या पुलाखाली उभे दिसले, तेव्हाच मी ओळखलं, घरी काहीतरी झालंय. मी पेन्शनच्या कागदासाठी कल्याणला गेलेलो. साठेसाहेब आमच्या तळमजल्याचे, सरकारी हापिसातून रिटायर झालेले, दूध आणायलाही बूट घालून जाणारा माणूस. तो माणूस घरातल्या स्लिपरवर उभा राहून गर्दीत माझं तोंड शोधत होता. म्हणाले, "गणपतराव, घरी चला." मी म्हटलं, "हिराला काय झालं?" तर पुन्हा तेच, "घरी चला." रिक्षात त्यांनी माझा हात धरला तो बिल्डिंग येईपर्यंत सोडला नाही... हिराला, माझ्या बायकोला, चहा पिताना छातीत कळ आली आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं, एवढंच झालं होतं. आता दीड महिना झाला. ह्याच साठेसाहेबांनी एके काळी माझ्या बायकोला भर जिन्यात सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "आम्ही काय झाडूवाले आहोत का?" तिथपासून स्टेशनच्या पुलाखाली स्लिपरवर उभं राहण्यापर्यंत हा माणूस कसा आला, ते सांगायला मी बसलोय. मी सातवी नापास, लिहायची सवय नाही. पण रडगाणं लिहिणार नाही. हिरा हरून गेलेली नाही.

मी ठाण्याला एका कारखान्यात फिटर होतो. आमच्या कंपनीचा जर्मन कंपनीशी करार होता, मशिनं तिकडची, जोडणारे आम्ही. पंच्याऐंशीच्या आसपास मला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला तिकडे पाठवलं आणि हात बरा दिसला म्हणून तीन वर्षं ठेवून घेतलं. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा सुट्टीत येऊन हिरालाही घेऊन गेलो. हिरा खडवलीची. आईबापाबरोबर वीटभट्टीवर वाढलेली, शाळेचं दार न पाहिलेली. विमानतळावर सोडायला आलेला, दिवा गावच्या आमच्या भावकीतला एक जण म्हणाला, "हिला कशाला नेतोस, तिकडे हरवेल." हिरा त्याला म्हणाली, "भट्टीवर हजार विटांत माझी वीट मी वळखायची. मी नाय हरवत."

दक्षिण जर्मनीतलं छोटं गाव. चार बिऱ्हाडांचं जुनं घर, लाकडी जिना, आणि खाली मालकीणबाई, फ्राऊ मायर. फ्राऊ म्हणजे बाई. साठीच्या पुढची, नवरा लढाईत गेलेला, पाठ ताठ. पहिल्याच शनिवारी आमच्या दाराला दोरीनं एक लाकडी पाटी अडकवलेली दिसली. कारखान्यात विचारलं तेव्हा कळलं, ह्या भागात आठवड्याची पाळी असते. ज्याच्या दाराला पाटी, त्यानं त्या आठवड्यात जिना, दरवाजा, पुढचा रस्ता झाडायचा. मग पाटी पुढच्या दाराला. डॉक्टर असो, नाहीतर माझ्यासारखा फिटर, पाळी चुकत नाही. हिराला सांगितलं तर तिचं तोंड उजळलं. म्हणाली, "म्हंजे इथं हे काम सगल्यांचं?" तिला तो देश तिथेच आवडला. मला आवडायला वर्ष लागलं.

मग तिनं जी चूक केली, ती आपल्याकडचीच बाई करू जाणे. तिला झाडणं म्हणजे धुणं. मी कामावर गेल्यावर तिनं पदर खोचला आणि वरच्या मजल्यावरून लाकडी जिन्यावर बादलीमागून बादली पाणी सोडलं. ओटा धुवावा तसा जिना धुतला, सगळ्यात खाली रांगोळीची चार बोटंही ओढली. सगळं पाणी फळ्यांतून तळघरात. तिथे फ्राऊचे बटाटे, हिवाळ्याची सफरचंदं, कोळसा. मी आलो तेव्हा फ्राऊ लालबुंद होऊन हिराला हाताला धरून तळघरात नेत होती. मी मागोमाग गेलो. मनात म्हटलं, आता खोली सोडावी लागणार, आणि खोली गेली की हिराला परत पाठवावं लागणार.

हिरानं तळघर बघितलं आणि सामान बाहेर काढायला लागली. बटाटे, फळ्या, शेवटी फळ्यांखाली रचलेल्या जुन्या विटा. टॉवेलाची चुंबळ केली, आठ विटा डोक्यावर रचल्या आणि मान न हलवता पायऱ्या चढून अंगणात. दुसरी खेप, तिसरी खेप. फ्राऊ बघतच राहिली. मग ती खाली बसली, एक वीट हातात घेतली, कोपऱ्यातला हातोडा घेतला आणि विटेवरचा सुका चुना कसा टकटक करून उडवायचा ते हिराला दाखवायला लागली. मला म्हणाली, बायकोला सांग. लढाई संपली तेव्हा गाव पडलेलं होतं, पुरुष उरले नव्हते, आम्ही बायकांनी रांग लावून ढिगाऱ्यातली एकेक वीट अशी साफ केली, आणि ह्याच विटांनी घरं पुन्हा बांधली. मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये ऐकलं, हिराला सांगितलं. हिरानं फ्राऊचा तळवा उलटा करून बघितला, मग आपला तळवा तिच्यापुढे धरला. दोघी हसायला लागल्या. मी मधे बटाट्याचं पोतं घेऊन उभा.

त्यानंतर फ्राऊ तिला सगळीकडे नेऊ लागली. एका जुन्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लाकडात कोरलेले साधुसंत होते. लोक चेहरे बघत होते, हिरा हात बघत होती. म्हणाली, "आवं, बघा. लाकडात शिरा काढल्यात. हा कोरणारा आधी राबलेला असणार." मला कलेतलं काही कळत नाही, पण त्यानंतर मी कुठलाही पुतळा बघितला की आधी हात बघतो. रविवारी गावाच्या मैदानावर फुटबॉल. गावची टीम बहुतेक वेळा हरायची. पण हरल्यावरही पोरं दाराशी बुटाचा चिखल घासून काढायची, एकमेकांचे शर्ट पाळीनं धुवायला न्यायची. हिरा खुर्चीवर उभी राहून "टोर! टोर!" ओरडायची. टोर म्हणजे गोल. सगळं गाव तिला ओळखायला लागलं.

पण एक गोष्ट फ्राऊनं सांगितली ती ह्या सगळ्याहून मोठी. समोरचं घर दाखवून म्हणाली, हिटलरच्या काळात तिथे एक शिंपी राहायचा, बायको आणि दोन मुली. ज्यू होते. एक दिवस त्यांना गाडीत घालून नेलं. त्या आठवड्यात पाटी माझ्या दाराला होती. मी जिना झाडत होते, आणि मी मान वर केली नाही... मग म्हणाली, आमचे जिने त्याही वर्षी स्वच्छ होते. मी हे हिराला सांगितलं. आम्ही निघालो तेव्हा फ्राऊनं जुनी पाटी दारावरून काढून हिराच्या पिशवीत घातली. स्वतःच्या घरासाठी तिनं नवी करून घेतली होती.

परत आलो आणि डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली. तीन मजले, बारा दारं, आणि जिना म्हणजे पानाच्या पिचकाऱ्या. हिरानं पहिल्या शनिवारी वरपासून खालपर्यंत झाडलं, पुसलं, इथे मात्र बादल्या ओतल्या, आणि पाटी तळमजल्यावर साठेसाहेबांच्या दाराला अडकवली. साठेसाहेब ती दोन बोटांत धरून वर घेऊन आले, आणि तेव्हाच ते झाडूवाल्याचं वाक्य बोलले. मागून कुणीतरी हसलं, "जर्मन मावशी आल्या!" मला राग आला. म्हटलं, "हिरा, सोड ना. आपल्याला काय पडलंय?" ती म्हणाली, "मला पडलंय." वर्षभर बारा दारांचा जिना तिनं एकटीनं झाडला, आणि दर शनिवारी पाटी एकेका दाराशी नेऊन विचारलं. बाराही दारांनी नाही म्हटलं. आमचं बारावं, माझंच.

नव्वद सालचा फुटबॉलचा वर्ल्डकप तिच्या मदतीला आला. कलर टीव्ही साठेसाहेबांकडेच. फायनलला सगळी बिल्डिंग त्यांच्या हॉलमध्ये, आणि सगळी अर्जेंटिनाच्या बाजूनं. हिरा उंबऱ्याबाहेर उभी होती, आत या असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिथूनच म्हणाली, "जर्मनी जितनार." साठेसाहेब चेष्टेनं म्हणाले, "वहिनी, जर्मनी जिंकली तर तुमची ती पाटी माझ्या दाराला!" हिरा म्हणाली, "ऐकलं ना सगल्यांनी?" मॅच संपत आली आणि पेनल्टी मिळाली. हॉलमध्ये चिडीचूप, आणि उंबऱ्यावरून एकच आवाज, "टोर!" साठेसाहेब म्हणतायत, "थांबा, अजून पाच मिनिटं आहेत," पण पाच मिनिटांत काय होणार? शनिवारी साहेब नाकाला रुमाल बांधून, पायात बूट घालून जिना झाडत होते. हिरा वरून सांगत होती, "साहेब, कोपरा ऱ्हायला." साहेबांनी झाडलं म्हटल्यावर बाकीचे कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? दिवाळीपर्यंत बाराही दारं पाळीत आली. हिरानं एक नियम फ्राऊच्या वरचा केला. पाटी दाराला अडकवून पळायचं नाही. दार वाजवायचं, माणूस बघायचा, हातात द्यायची.

त्र्याण्णवचा जानेवारी. मुंबई दंगलीत जळत होती. आमच्याकडे आग नव्हती, कुजबुज होती. आमच्या समोरच्या दारात शमीमभाभी, तिचा घड्याळं दुरुस्त करणारा नवरा आणि दोन मुलं. चार दिवस त्यांचं दार उघडलं नव्हतं. पाळीच्या क्रमात शमीमभाभीचं दार आमच्या आधी. त्या शनिवारी सकाळी बघतो तर पाटी आमच्या दाराला. न वाजवता अडकवलेली. अलीकडच्या घरानं समोरचं दार वगळून पाटी सरळ आमच्याकडे टाकली होती.

मी खोटं लिहिणार नाही. मी म्हटलं, "ठेव आपल्याकडे. एक आठवडा तर आहे. उगाच कशाला लोकांच्या नजरेत यायचं?"

हिरा म्हणाली, "समोर कोण राहतंय?"

"तुला माहीत नाही का?"

"फ्राऊनं जिना झाडला आन् मान वर केली नाय. तुमीच मला मराठीत सांगितलं ना ते? का इसरलाव?"

तिनं पाटी काढली, समोरचं दार वाजवलं. आतून आवाज नाही. पुन्हा वाजवलं. "शमीमभाभी, मी हिरा. पाटी आणलीय. तुमची पाळी हाय." वर-खाली दारं किलकिली झाली, माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं कडी निघाली. शमीमभाभीनं पाटीकडे बघितलं आणि तिला रडू फुटलं. हिरा आत जाऊन बसली, दार सताड उघडं ठेवून, सगळ्यांना दिसेल असा चहा प्यायली. मग दोघी झाडू घेऊन बाहेर आल्या. तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात केली. त्या तळमजल्याला पोचल्या तेव्हा साठेसाहेब सुपली धरून उभे होते. जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाभी, कचरा इकडे द्या. आणि पुढच्या वेळी ज्याला पाटी न वाजवता टाकायची असेल, त्यानं आधी माझं दार वाजवावं." त्या दिवसानंतर आमच्या बिल्डिंगमध्ये कुजबुज ऐकू आली नाही. शमीमभाभी आजही समोरच राहते. मी देवळात गेलो, परदेशात गेलो, पण त्या सकाळी माझ्या न शिकलेल्या बायकोपुढे माझी मान जेवढी झुकली तेवढी कुठेच नाही. तिला तसं बोललो मात्र नाही. ते राहिलं.

हिराचं तेरावं झालं त्याच आठवड्यात पाटी शमीमभाभीकडे होती. पुढचं दार माझं. जिन्यात बोलणं चाललेलं मला आतून ऐकू आलं. "दुःखाचं घर आहे. त्यांना कुठे जमणार? वगळा ह्या वेळी, सरळ तिसऱ्या मजल्यावर द्या." वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. मलाही खरं तर बरं वाटलं असतं. मी आयुष्यात मशिनं पुसली, फरशी कधी नाही...

शनिवारी दार वाजलं. मी उठलो नाही. पुन्हा वाजलं. मग शमीमभाभीचा आवाज, "भाईसाब, दार उघडा. तुमची पाळी आहे." मी दार उघडलं. तिनं पाटी माझ्या हातात दिली, आणि मला बाजूला सारून आत येऊन बसली. म्हणाली, "चहा ठेवा. दार उघडंच राहू दे." मी आयुष्यातला पहिला चहा केला, साखर विसरलो. तिनं कपभर संपवला. खालून साठेसाहेब गुडघे धरत वर आले, म्हणाले, "मलाही द्या." त्यांनीही संपवला, तोंड वाकडं न करता.

मग मी झाडू घेतला. तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात केली. कंबर भरून आली, दोन वेळा बसलो. मागोमाग साठेसाहेब एकेक पायरी उतरत होते. पहिल्या मजल्याच्या वळणावर म्हणाले, "गणपतराव, कोपरा राहिला." मी वाकलो आणि कोपरा काढला.