रडगाणं एक वाजता

दिवसाचा निकाल जिजी सकाळी नऊलाच लावून मोकळी व्हायची. सुरतेत पर्वत पाटियाजवळ साड्यांच्या एका गोडाऊनमध्ये तिसऱ्या मजल्यावर आम्ही आठ जणी घड्या घालायला बसायचो. लिफ्ट मालासाठी, माणसांसाठी जिना. शेवटच्या पायरीवर जिजी कठड्याला धरून दम खायची, चपला काढायची आणि आत डोकावून सांगायची, "आजना दिन बेस शे." हे ती इतक्या खात्रीनं सांगायची, की दिवसाची काही हिंमत होत नसावी वेगळं वागायची.

मला या वाक्याचा राग यायचा. मी मुळातच सकाळची माणूस नाही. लिंबायतच्या आमच्या गल्लीत पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, नवऱ्याला इच्छापोरच्या कारखान्यात जायला सहाला निघावं लागतं, मुलीला डब्यातली भाजी आवडत नाही. नऊ वाजेपर्यंत माझी दोन भांडणं होऊन गेलेली असत. एकदा मी तिला म्हटलंच, की जिजी, दिवस अजून सुरू तरी झालाय का? ती चपला कोपऱ्यात सारत म्हणाली, "म्हनीसनच आते म्हनस. संध्याकायले काय, कोनबी सांगी." सगळ्या हसल्या आणि मी तोंड वाकडं करून कामाला लागले.

तिचं खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं, पण ते कुणाच्या तोंडात नव्हतं. धुळ्याकडची, नवऱ्याबरोबर लग्नानंतर सुरतेला आलेली. नवरा लूमवर होता, तो जाऊनही बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक नंदुरबारला दिलेली. लिंबायतला एका खोलीत एकटी राहायची आणि या घड्यांवर तिचं पोट चालायचं. हात मात्र असा, की तिनं घडी घातलेली साडी पाहून शेठसुद्धा दोन शब्द गुजरातीत कौतुकाचे बोलायचा. काठाला काठ, पदर वर, चार कोपरे एकावर एक. बोटं कापडावरून फिरत आणि ती मात्र भलतीकडेच बघत गप्पा मारत असायची. आम्हाला वाटायचं, काय हा सराव!

तिचा एक नियम होता. रडगाणं जेवणाच्या सुट्टीत, एक वाजता. त्याआधी सासू, नवरा, गॅस, गुडघे, कशाबद्दलही तक्रार करायची नाही. शेअर रिक्षात कुणी सुरुवात केलीच तर ती नुसतं "एक वाजता" म्हणायची. निम्म्या तक्रारी एकपर्यंत आपोआप विरून जायच्या. आठवायचंच नाही काय झालं होतं. ज्या उरायच्या त्या मात्र ती डबा बाजूला ठेवून ऐकायची. नवऱ्याचं कंत्राट अचानक बंद झालं त्या दिवशी मी सुजलेल्या डोळ्यांनी गोडाऊनमध्ये आले. तिनं सकाळी काही विचारलं नाही, तिचं ते वाक्य तेवढं म्हटलं. मला वाटलं, बाईला काळीज नाही. एक वाजता तिनं माझ्यापुढे आपली कळण्याची भाकरी सरकवली आणि म्हणाली, "आते बोल." मी पाऊण तास बोलले. ती मधे एकदाही शहाणपण शिकवायला गेली नाही. त्या दिवसापासून मी तिची झाले.

मग गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात डिजिटल प्रिंटचा एक लॉट आला. आमच्याकडे तोवर जास्त करून जरीचा आणि भरतकामाचा माल यायचा. जरीच्या साडीची सुलटी बाजू कुठली आणि उलटी कुठली हे बोटालाही कळतं. मागं धाग्यांची टोकं टोचतात. प्रिंटचं कापड दोन्हीकडून सारखंच गुळगुळीत. रंग एका बाजूला भडक, दुसऱ्या बाजूला फिका, एवढाच काय तो फरक, आणि तो बघूनच कळायचा.

पाऊणच्या सुमारास मी जिजीचा गठ्ठा पिशव्यांत भरायला उचलला. पहिली साडी उलटी. दुसरी उलटी. मी खालपर्यंत बोट घालून पाहिलं. तिनं सकाळपासून घडी घातलेल्या सगळ्याच्या सगळ्या साड्या फिक्या बाजूनं वर होत्या, आणि घड्या नेहमीसारख्याच देखण्या. मी तिच्याकडे पाहिलं. खिडकीच्या उजेडात तिनं पुढची साडी गालाला लावली होती, कापडाची ओळख पटवावी तशी. हा सराव नव्हता. जिजीला दिसतच नव्हतं.

मी गठ्ठा तसाच खाली ठेवला. एक वाजायची वाट पाहिली. तिच्याच नियमानं तिच्यासमोर बसले आणि हळूच सांगितलं, जिजी, लॉट उलटा झालाय. तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, दीड वर्ष झालं. रोज पहाटे डोळे उघडले की समोरची भिंत शोधायची, आणि भिंत रोज थोडी जास्त धुरात गेलेली असायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हे तिला एका शिबिरात सांगितलं होतं. ऑपरेशनला ती तयार नव्हती, कारण तिच्या भावाचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता. तो तिसऱ्या दिवशी पट्टी काढून धुळीत कपाशी वेचायला गेला होता, हे तिनं शेवटी, माझ्या खोदून विचारण्यावर, नाइलाजानं सांगितलं. शेठला कळलं तर काम जाईल, आणि काम गेलं तर लेकीच्या दारात जाऊन बसावं लागेल, ही दुसरी भीती. ती लेकीबद्दल कधी वाईट बोलली नाही, पण तिला तिथं जायचं होतं ते पाहुणी म्हणून, आंधळी होऊन नाही.

त्या दुपारी कुणी जेवलं नाही. आम्ही बाकी सातही जणींनी तिचा गठ्ठा उलगडला आणि पुन्हा घड्या घातल्या, कारण सहाला पार्सल ट्रान्सपोर्टला जायचं होतं. मॅनेजर वर येऊन म्हणाला, "आजे काम धीमुं केम छे, बेन?" आमच्यातली सर्वांत भांडखोर बाई त्याला म्हणाली की कापडच निसरडं आहे, तुम्ही घडी घालून दाखवा. तो गेला. जिजी उलगडलेल्या साड्या हातावर घेत मुकाट्यानं बसली होती, आणि तिला अशी मी कधीच पाहिली नव्हती.

तिला तयार करायला पुढं तीन आठवडे लागले. पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या सकाळी एका धर्मादाय दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. नऊ वाजून गेले. तिचं ते वाक्य आलंच नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली होती. साडेनऊला नर्सनं तिचं नाव पुकारलं तेव्हा मला ते सहन होईना. मी मान खाली घालून, चोरी केल्यासारखी म्हणाले, "जिजी, आजचा दिवस बेस आहे."

तिनं माझ्या दिशेला तोंड वळवलं. "तुले खरंच तसं वाटस का?"

"नाही," मी म्हणाले. खोटं बोलायचं त्राणच नव्हतं.

तिनं माझा हात दाबला. "माले बी कधी वाटे नही. म्हननं पडस."

आणि नर्सचा हात धरून ती आत गेली. मी बाकावर बसून राहिले. इतकी वर्षं मी जिला जन्मजात आनंदी समजून मनातल्या मनात चिडत होते, ती गेलं दीड वर्ष रोज पहाटे भिंत शोधून, घाबरून, मग तिसरा मजला चढून ते वाक्य म्हणत होती. मला माझी फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी किती बोटं ते विचारलं, तिनं बरोबर सांगितलं. मग माझ्याकडे वळून, वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "पोरी, फॉल उसवेल शे तुना." मी खाली पाहिलं, खरंच, साडीच्या काठाखालची शिवण वीतभर सुटली होती. तो लोंबता फॉल धरून मी दवाखान्याच्या मधोमध हसत रडले. दुसरा डोळा तिनं पुढं स्वतःच, आम्हाला न सांगता, एकटीनं जाऊन करून घेतला.

या वर्षी ती नंदुरबारला गेली. नातवाची बारावी आहे आणि लेकीनं आग्रहानं बोलावलंय, म्हणजे तिला हवं होतं तसं, पाहुणी म्हणून. पाहुणीचे चार दिवस आता सहा महिने होत आले. ती निघाली तेव्हा तिला गाडीत बसवायला मी गेले होते. सामान वर ठेवलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि बरेच दिवस मनात असलेलं विचारलं, की जिजी, हल्ली तू जिन्यावर ते वाक्य म्हणत नाहीस, कितीतरी दिवस आमच्या लक्षातही आलं नाही. का गं?

तिनं आठवल्यासारखं केलं. मग तिलाच हसू आलं.

"आते सकायले डोया उघडस, समोरनी भीत साफ दिसस, आन् म्हननं इसरीच जास."

"मग आता म्हणायचं कुणी?"

गाडी हलली. खिडकीतून तिनं माझा चेहरा नीट, सावकाश पाहून घेतला.

"तू म्हन," ती म्हणाली. "तुले गरज शे."