संमतीचा कागद

तालुक्याच्या बैठकीत आम्हा मुख्याध्यापकांना एकच गोष्ट तीनदा सांगितली गेली. चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर टाळणारी नवी लस द्यायची आहे आणि शाळाप्रमुखांनी त्यात पुढाकार घ्यायचा आहे. मी वहीत 'पुढाकार' लिहून खाली दोन रेघा मारल्या. म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायचं राहून गेलं. शेजारचे सर पेंगत होते, त्यामुळे त्यांचाही उपयोग नव्हता.

तलवाड्याच्या पुढे आमची शाळा. लशीच्या वयाच्या मुली अकरा. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी परिपत्रक माईकवर जसंच्या तसं वाचून दाखवलं, आईवडिलांच्या सहीसाठी संमतीचे कागद वाटले आणि पुढाकार झाला असं समजून चहा घेतला. त्याच्या दुसऱ्या दिवशी अकरापैकी आठ मुली शाळेतच आल्या नाहीत.

मला आधी रागच आला. फुकट मिळतंय तर किंमत नाही, वगैरे मी मनातल्या मनात बडबडून घेतलं. तेवढ्यात एका मुलीची आजी ऑफिसच्या दारात आली. मुलीचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, घरी फक्त आजी आणि नात. आजीने संमतीचा कागद सही न करता तसाच टेबलावर ठेवला.

"बाई, आमाला पोरीची पिशवी काढायची न्हाई."

मला काही उमजेना. गर्भाशयाला इकडे पिशवी म्हणतात, ते ठीक. पण ती कोण काढतंय? मग आजी सांगत गेली. तिच्या सुनेच्या पोटात दुखायचं. कुठल्याशा दवाखान्यात 'कॅन्सर होईल' म्हणाले आणि पिशवी काढून टाकली. तेव्हा सून पंचविशीचीही नव्हती. गर्भाशय आणि कॅन्सर, मी माईकवर वाचलेले शब्द नेमके तेच होते.

या गावात मी सात वर्षं आहे. अशा कितीतरी बायका मला माहीत आहेत. तरी वाचताना माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

आजीच्याच मोबाईलवरून सुनेला फोन लावला. ती उसाच्या फडात होती, मागे ट्रॅक्टर घरघरत होता. मी समजावलं, काढायचं काही नाही, दंडावर एक सुई, पुढे तो आजार होऊ नये म्हणूनच. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्याडम, माझ्या टायमाला कुणी कागद दिला न्हाई, काई इचारलं न्हाई. आता तुमी इचारताय, सही माझी लागणार, म्हणून तर लई भ्याव वाटतंय." मग तिनेच विचारलं, "तुमच्या पोरीला दिली का?"

माझी मुलगी बीडला शिकते, त्याच वयाची. घरी विषय निघाला होता. 'बाकीच्या मुलींचं काय होतं ते बघून ठरवू,' असं नवरा म्हणाला होता आणि मी मान डोलावली होती. बाकीच्या म्हणजे कोण, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

ती चिडली नाही. "मग तुमची झाली की सांगा," म्हणाली आणि फोन ठेवला.

गुरुवारी मी लेकीला बीडहून घेऊन गावाजवळच्या आरोग्य केंद्रात गेले. लस चांगली म्हणून देतेय, की अकरा कागद भरावेत म्हणून, हे मला धड सांगता येईना. वाटेत लेकीनेही तेच विचारलं. मी तिला खिडकी लावून घ्यायला सांगितलं.

आजी नातीला घेऊन तिथे बघायला आली होती. लेकीला सुई टोचली तेव्हा मी तिचा हात धरून बसले होते. मग मी सुनेला पुन्हा फोन लावला.

"दिली," मी म्हणाले.



"दुखलं का तिला?"

"थोडं."

"तुमी जवळ होता ना?"

"होते."

"मग माझ्या पोरीच्या जवळ बी तुमीच बसा," ती म्हणाली. "मला येता येत न्हाई."