दगडूला पाजलेला समुद्र

सन चौऱ्याहत्तर. माझं वय सव्वीस, आणि समुद्र कुठं आहे हे मला पक्कं माहीत होतं.

शाळा मी दुसरीत सोडली. (गुरुजी म्हणायचे, शाळेनंच मला सोडलं. जाऊ द्या.) पण सोडायच्या आधी एक गोष्ट डोक्यात घट्ट बसली होती : सगळ्या नद्या समुद्राला मिळतात. आमच्या टेंभुर्णीहून पूर्णा नदी काही फार लांब नाही. म्हणजे नदीच्या काठाकाठानं सायकल सोडली की समुद्र! त्यात आणखी एक हुशारी माझी स्वतःची. नदी कधी चढ चढत नाही. मंग सगळा उतारच! पायडल मारायचं कामच नाही!

हे सगळं कशापायी, तर भिंतीवरच्या कॅलेंडरपायी. नव्या जालन्यात बियाणं आणायला गेल्तो, तेव्हा दुकानदारानं दिलेलं. त्यावर निळा समुद्र आणि त्यात बुडणारा लालभडक सूर्य. माझी बायको गया भाकरी थापता थापता त्याच्याकडंच बघत बसायची. भाकरी करपायची, मी ओरडायचो, पण नजर काही हलायची नाही.

एक दिवस म्हणाली, "आवं, ह्याच्यात एकदा पाय बुडवावा वाटतो."

लग्न झाल्यापासून तिनं तोंडानं मागितलेली ही पहिली गोष्ट.

"बुडव की! आपली सायकल हाये!"

सायकल सासऱ्यानं लग्नात दिलेली. त्यामुळं तिच्यावर बोलायचा हक्क आपल्यालाच आहे, असं माझा मेव्हणा दगडू समजायचा. धावड्याहून मुद्दाम आला आणि चारचौघांत म्हणाला, "दाजी, यष्टीनं जा की. सायकलीवर समुद्राला कुणी जातं का?"

हे तो बोलला नसता, तर मी यष्टीनंच गेलो असतो!

"सायकलीवरच जाणार! अन् आल्यावर तुला समुद्राचं खारं पाणी पाजणार!"

झालं. काशीला निघालेल्या माणसासारखी आमची पाठवणी झाली. हार, नारळ, बायकांच्या ओवाळण्या. परत आल्यावर मावंदं घालायचं, म्हणजे यात्रेहून आलेल्यानं गावाला घालायचं जेवण, तेही मायनं तिथंच जाहीर करून टाकलं. आणि वर बजावलं, "वेशीबाहेर गेल्यावर मागं फिरायचं न्हाई रे. अपशकुन असतो."

गया कॅरियरवर, तिच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं. नदी येईपर्यंत थाटात गेलो. मंग कळलं की उतार नदीला असतो, काठाला नसतो! वाळू, दगड, बाभळीचे काटे. सायकलीनं आम्हाला न्यायचं, तर आम्हीच सायकलीला नेऊ लागलो.

दिवस मावळताना गया मागून म्हणाली, "एक इचारू का?"

"इचार."

"कॅलेंडरात सूर्य समुद्रात बुडून राह्यला. अन् आपला तर पाठीमागं बुडून राह्यला."

"कॅलेंडर छापणाऱ्याला काय कळतं?"

"अन् सूर्याला?"

"त्याला तर बिलकुल न्हाई कळत!"

पुढं नदीच्या वाळूत टरबुजांची वाडी लागली. एक म्हातारी राखण करत होती. तिला मी ऐटीत विचारलं, "समुद्र किती राहिला, मावशी?"

म्हातारीनं मला बघितलं, सायकलीला बघितलं, गळ्यातल्या सुकलेल्या हाराला बघितलं. "कोणता समुद्र? माझा पोरगा मुंबईला हाये. तो समुद्र तिकडं, तुमच्या पाठीमागं. ही नदी गोदावरीला मिळती, अन् ती पार आंध्रात जाती."

"म्हंजे जाती तर समुद्रालाच ना?"

"जाती की. पण तुम्ही पोचूस्तोवर तुमचे नातू म्हातारे होतील!"

मी गयाला म्हणालो, "मी काही चुकलो न्हाई. समुद्रच दुसरा निघाला."

ती लुगडं थोडं वर धरून नदीत उतरली आणि घोट्याएवढ्या पाण्यात उगीच उभी राहिली. मला वाटलं, पाय धुऊन राह्यली.

लगेच परत कोणत्या तोंडानं जायचं? आठवडाभर म्हातारीची टरबुजं खुरपली, बाटलीत नदीचं पाणी भरलं आणि समुद्राहून आल्यासारखे काळे होऊन घरी आलो. मावंद्याचा स्वयंपाक उरकल्यावर चुलीपाशी कुणी नाही असं बघून बरणीतलं उरलेलं सगळं मीठ त्या बाटलीत ओतलं आणि बाटली गदागदा हलवली. (समुद्र तयार!)

दगडूनं ओंजळीत तीर्थ घेतलं, प्यायला आणि त्याचं तोंड आक्रसलं. "आयला दाजी! खारट हाये की!"

मी मिशीवर हात फिरवणार, तेवढ्यात तो गयाकडं वळला. "आक्का, कसा असतो गं समुद्र?"

माझा हात तिथंच थांबला. गया कधी खोटं बोलत नसे. सगळी पंगत जेवायची थांबली.

"लई मोठा," ती हळू म्हणाली. "कापूस फुटल्यावर वावर दिसतं ना, तसा. फक्त हे वावर चालत येतं. आपल्या पायापाशी येतं, अन् काही न घेता परत जातं."

पंगत पुन्हा जेवू लागली. माझं नाक वाचलं!

पण त्या नाकाची गंमत बघा. पुढं कधी मी समुद्राचं नाव काढलं की माय म्हणायची, "आत्ताच तर जाऊन आल्ते! पुन्हा कशाला खर्चा?" गयाला खरंच न्यायचं, तर आधी दगडूसमोर कबूल करावं लागलं असतं की आम्ही गेलोच नव्हतो. आज सांगू, उद्या सांगू, करत दगडू म्हातारा झाला, मी म्हातारा झालो, आणि गया पाय न बुडवताच गेली. आता पोरगा म्हणतो, "आबा, चला, गाडीनं समुद्र दाखवतो." मी म्हणतो, पाहिलाय. एकट्यानं जाऊन काय बघू?

मावंद्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गयानं पिठलं-भाकरी वाढली. पिठल्यात मिठाचा कण नव्हता. कुठून असणार? घरातलं मीठ तर दगडू पिऊन गेल्ता!

"कसं झालंय?" तिनं कॅलेंडरकडं बघत विचारलं.

"बराबर झालंय," मी म्हणालो, आणि आणखी वाढून घेतलं.