कोर्स पुरा करून ये

मी नोकरीसाठी चेन्नईला निघाले तेव्हा मिरजेच्या फलाटावर बाबांनी माझ्या हातात औषधांचा डबा ठेवला. इतरांचे वडील लाडू देतात. आमचं मेडिकलचं दुकान. प्रत्येक पाकिटावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं: ताप, घसा, जुलाब. "अँटिबायोटिक मध्येच सोडायचं नाही, कोर्स पुरा करायचा," हे गाडी हलेपर्यंत त्यांनी तीनदा सांगितलं. मी रडत होते आणि ते किती गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगत होते. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. आता आठवलं की डोकं उठतं.

घरच्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांनीही वाचावं, कारण त्यांच्या घरीही एक असा सर्वज्ञ माणूस असणारच.

चार वर्षांनी ऑफिसने मला काही महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं. एका रविवारी रानात फिरून आले, तर गुडघ्यामागे गोचीड. तिथली माणसं अशी चावलेली जागा, लाल चट्टा उठतो का म्हणून, आठवडेच्या आठवडे बघत राहतात. मी नखाने ओढून काढली, चपलेखाली चिरडली आणि पोहे भिजवले. शेजारच्या म्हशीच्या कानातून लहानपणी किती काढल्या होत्या, एकीला काय घाबरायचं! हा शहाणपणा माझाच, त्याचं खापर कुणावर फोडत नाही.

पाच-सहा आठवड्यांनी पाठीत कळा सुरू झाल्या. मग एका सकाळी चूळ भरताना पाणी डावीकडून गळून गेलं. आरशात बघितलं तर अर्धं तोंड लुळं. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं तेव्हा कळलं, गोचिडीतला जंतू मज्जासंस्थेपर्यंत पोचला होता. तीन आठवडे अँटिबायोटिक घेतलं, एक डोस चुकवला नाही. कळा थांबल्या, चेहरा बराचसा सावरला आणि मी चेन्नईला परत आले. पण डावा गाल अजून पुरता हलत नाही. दुपारी तीननंतर अंगातली ताकद संपते. मीटिंगमध्ये साधा 'शेड्यूल' शब्द आठवत नाही आणि सगळे माझ्याकडे बघत बसतात.

इथल्या अड्यार भागातल्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी स्वच्छ सांगितलं: जंतू गेला आहे, नसांना झालेली इजा उरली आहे. ती हळूहळू भरेल, कदाचित पूर्ण भरणारही नाही. आणखी अँटिबायोटिक घेऊन फायदा होत नाही, त्रास मात्र होतो. चेहऱ्याचे व्यायाम करा आणि झेपेल तेवढंच काम करा.

हे मी फोनवर सांगितलं तर बाबा हसले. "तीन आठवडे? एवढ्या मोठ्या रोगाला? मी चाळीस वर्षं दुकानात बसतोय." आठ दिवसांत कुरिअरने गोळ्यांचा खोका आला. फोनवर बाबांच्या मागून आई म्हणाली, "ऐक की गं बाबांचं एवढं." मी ऐकलं. डॉक्टरांना न सांगता तीन महिने ऐकलं. पोटात अन्न ठरेना. त्या गोळ्यांवर ऊन सोसत नाही, आणि मी राहते चेन्नईच्या टोकाला, तांबरमला! फलाटावर दहा मिनिटं उभी राहिले तरी हातांची कातडी भाजून लाल व्हायची. गाल होता तिथेच. शेवटी हात बघून डॉक्टर बाई ओरडल्या, "यारु सोन्ना?" कोणी सांगितलं? वडिलांनी, हे सांगताना मला शरम वाटली. त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या.

मग दादाचं लग्न ठरलं. मी रजा टाकली, तिकीट काढलं, साडीही घेतली. बाबांचा फोन आला. "कोर्स पुरा कर, तोंड जाग्यावर येऊ दे, मग ये. मी सगळ्यांना सांगितलंय पोरगी ठणठणीत आहे म्हणून. पावणे विचारतील."

"बाबा, कोर्स केव्हाच संपला. आता जे आहे ते हेच आहे. ह्याच तोंडाने येते."

"मग लोकांना काय सांगू मी?"

दादाला फोन केला. तो म्हणाला, "तुझं तू बघ, मी मध्ये पडत नाही." मी तिकीट रद्द केलं.

लग्नाच्या दिवशी मी नेहमीच्या लोकलने ऑफिसला गेले. लेडीज डब्यात रोज भेटणारी एक बाई आहे. पहिल्या दिवशीच तिने तोंडावर विचारलं होतं, "मुखत्तुक्कु एन्न आच्चु?" चेहऱ्याला काय झालं? मी सांगितलं, तिने सरकून जागा दिली आणि परत कधी तो विषय काढला नाही. त्या दिवशीही ती सरकली. तिचं नावसुद्धा मला माहीत नाही.

बाबा, तुमच्या औषधाने मी बरी झाले नाही, त्याचा मला राग नाही. बरी झाल्याशिवाय येऊ नको म्हणालात, त्याचा आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही. परवा ऑफिसात नव्या मुलीने विचारलं, तुमचं घर कुठे? इतकी वर्षं मी मिरज सांगत आले. परवा तांबरम सांगितलं. अजून ते खरं वाटत नाही, पण सांगितलं.