दर्याकाठची गाडी

मंडळी, गेल्या महिन्यात घेतलेली जुनी मोटरसायकल आज पाम गावाजवळ मागून डुलायला लागली. हळूहळू बोईसरच्या गॅरेजपर्यंत आणली.

मेकॅनिकने सीट काढून चॅसीवर पाना आपटला. रंगाखालची पुट्टी गळून पडली. आत नुसता गंज.

"दर्याकाठची गाडी हाय, दादा. मासळीच्या पाण्यानं लोखंड खाल्लंय. कधी मोडंल सांगता येनार नाय."

विकणाऱ्याचा राग यायला हवा होता. आला नाही. सीट परत बसवायला सांगितली.

तेवढ्यात बायकोसोबत चाललेला एकजण टाकीचा चकचकीत रंग बघून थांबला. "इकायची हाय का? वाणगाववरनं कंपनीत यायला पायजे."

मेकॅनिक माझ्याकडे बघत राहिला. हो म्हटलं असतं तर मी सुटलो असतो.

"नाही," म्हणालो.

"थोडं वाढवून देतो की."

मग मी सीट काढून गंज दाखवला. दोघांनी वाकून नीट पाहिला.

"हळू चालवीन," तो म्हणाला.

चावी खिशात टाकून मी रिक्षाने घरी आलो. उद्या तो पुन्हा येणार आहे.

सगळं दाखवून विकलं, की आपली जबाबदारी संपते का?